‘सेडी’ : पॉडकास्टला उशिरा सापडलेली मुलगी

कर्टनी समर्स या कॅनडातील लेखिकेची ‘सेडी’ ही कादंबरी मी आधी वाचली आणि नंतर ऐकली. वाचली ती दिवाळीच्या सुट्टीत, नाशिकला घरीच, दोन रात्रींत; आणि ऐकली ती महिनाभराने, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाता-येताना. हा क्रम अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला घालून दिला होता. ‘‘मावशी, तू आधी वाच, मगच ऐक. आधी ऐकलंस तर सेडीचा आवाज तुझा तुला सापडणार नाही,’’ असे पुस्तक हातात देताना तिने बजावले होते. दोन्ही करून झाल्यावर तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटले आहे, कारण ही कादंबरी रहस्यकथा असली तरी तिचा खरा विषय ऐकणे हा आहे. कोणाचे बोलणे लोक थांबून ऐकतात, कोणाचे अर्ध्यावर तोडतात, आणि ऐकायला कोणीतरी अखेर येऊन पोहोचते तेव्हा बोलणारी व्यक्ती तेथे उरलेली असते का, हे प्रश्न खुनाच्या तपासाइतक्याच ताणाने शेवटपर्यंत वाचकाला धरून ठेवतात.

कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये तिला अमेरिकेतील रहस्यकथालेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार किशोर व तरुण वाचकांसाठीच्या साहित्याच्या विभागात मिळाला, आणि त्याच वर्षी तिच्या श्राव्य आवृत्तीला अमेरिकन ग्रंथालय संघटनेकडून दिला जाणारा ओडिसी पुरस्कार मिळाला. एकाच कथेच्या छापील आणि बोलक्या अशा दोन्ही रूपांचा असा स्वतंत्र गौरव क्वचितच होतो.

कथा कोलोरॅडो राज्यातील कोल्ड क्रीक या ८०० वस्तीच्या गावात सुरू होते. हलवता येण्याजोग्या, चाकांवरच्या घरांच्या एका वसाहतीत सेडी हंटर आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेली मॅटी या दोघी बहिणी राहतात. आई व्यसनात बुडालेली, आणि पुढे मुलींना टाकून निघून गेलेली. वसाहतीची देखभाल करणारी मे बेथ फॉस्टर ही वयस्क बाई दोघींवर आजीसारखी माया करते, पण मॅटीला वाढवण्याचे काम प्रत्यक्षात सेडीच करते, आणि तेही स्वतःचे वाढायचे वय असताना. मग १३ वर्षांची मॅटी नाहीशी होते आणि गावाबाहेरच्या सफरचंदाच्या बागेत तिचा मृतदेह सापडतो. पोलिसांचा तपास पुढे सरकत नाही. १९ वर्षांची सेडी एक जुनी मोटार विकत घेते, सोबत चाकू ठेवते, वाटेत नावे बदलत जाते आणि ज्या माणसाने मॅटीला मारले अशी तिची खात्री आहे त्याच्या मागावर एकटी निघते. पुढे तिची मोटार रस्त्याच्या कडेला बेवारस सापडते; सामान आत असते, सेडी नसते. मे बेथ न्यूयॉर्कमधल्या वेस्ट मॅक्रे या रेडिओ पत्रकाराला फोन करते, आणि तो ‘द गर्ल्स’ नावाचे पॉडकास्ट करत सेडीच्या वाटेने निघतो.

कादंबरीची रचना यातूनच उभी राहते. एक प्रकरण म्हणजे पॉडकास्टचा एक भाग, संहितेच्या स्वरूपात छापलेला; त्यापुढचे प्रकरण सेडीचे, प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात. पॉडकास्टच्या पानांवर बोलणाऱ्याचे नाव, त्याचे शब्द, मध्येच एखादी ध्वनिसूचना आणि वेस्टचे निवेदन अशी मांडणी आहे. ज्यांनी आकाशवाणीवरची नभोनाट्ये ऐकली आहेत किंवा त्यांच्या संहिता पाहिल्या आहेत, त्यांना ती मुळीच परकी वाटणार नाही. नभोनाट्यात दाराची कडी वाजली की आपण मनात घर उभे करतो. येथेही फोनवरचा खरखरता आवाज किंवा एखाद्याने घेतलेला मोठा श्वास एवढ्या खुणांवर माणूस उभा राहतो. फरक असा की नभोनाट्यातली पात्रे एकाच काळात एकमेकांशी बोलत असतात, आणि या कादंबरीतले दोन आवाज एकमेकांपासून काही महिन्यांच्या अंतरावर आहेत.

हे अंतर लेखिकेने फार कौशल्याने वापरले आहे. नेहमीच्या रहस्यकथेत गुप्तहेर वाचकाच्या एक पाऊल पुढे असतो आणि शेवटच्या प्रकरणात तो आपल्याला सगळे उलगडून सांगतो. येथे वाचकच शोध घेणाऱ्याच्या पुढे असतो. सेडी महामार्गावरच्या एका खाणावळीत शिरते, तेथे तिला कोणी काय विचारले, कोणी तिच्याकडे कसे पाहिले, ती कोणते खोटे बोलली, हे सगळे आपण तिच्या शेजारी बसून पाहिलेले असते. वेस्ट त्याच ठिकाणी पोहोचतो तेव्हा ऋतू बदललेला असतो, आणि तीच माणसे त्याच्या ध्वनिमुद्रकासमोर थोडी सावरलेली, स्वतःला थोडे बरे दाखवणारी हकिकत सांगतात. माणूस नोंदीवर बोलताना स्मृतीला कशी मुरड घालतो हे त्या दोन प्रकरणांच्या फटीत दिसते. लेखिकेला ते वेगळे सांगावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर आडगावच्या ट्रक टर्मिनसच्या आसपास रात्री ज्यांनी धाबे पाहिले आहेत, त्यांना त्या खाणावळीतले वातावरण ओळखीचे वाटेल : सतत येणारी-जाणारी माणसे, कोणी कोणाला नाव विचारत नाही, आणि तरीही एकट्या मुलीकडे प्रत्येकाची नजर एकदा तरी वळतेच.

आता सेडीच्या बोलण्याकडे वळते, कारण या पुस्तकातले सर्वांत मोलाचे ते तिथे आहे. सेडी लहानपणापासून अडखळत बोलते. मराठीत आपण सरसकट ‘तोतरी’ म्हणतो, पण तो शब्द बोबड्या बोलण्यालाही लागतो आणि त्यात चेष्टेचा वास आहे; म्हणून मी ‘अडखळणे’ हाच शब्द ठेवते. संवादात तिचे अक्षर अडते, पुन्हा उमटते, कधी शब्द सुटतच नाही आणि ती तो टाकून दुसरा शब्द शोधते. परंतु तिच्या मनातले निवेदन मात्र सलग, धारदार आणि अतिशय स्पष्ट आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात दोन सेडी आपल्यासमोर असतात : समोरच्या माणसाला दिसणारी, वाक्य पुरे न करू शकणारी पोरगी, आणि आपल्याला ऐकू येणारी, समोरच्याला पुरते ओळखून असलेली बाई. लोक तिला मंद समजतात, घाबरलेली समजतात, खोटारडी समजतात. आणि ती त्यांच्या त्या समजुतीचाही उपयोग करून घेते.

लेखिकेने या अडखळण्याला कोठेही दयेचा विषय केलेले नाही. पुढे कधीतरी सेडी धाडसाने एक सलग वाक्य बोलेल आणि सगळे टाळ्या वाजवतील असला प्रसंग मला मध्यापर्यंत अपेक्षित होता, आणि तो न आल्याबद्दल मी लेखिकेची ऋणी आहे. सेडीला स्वतःच्या बोलण्याचा त्रास होतो, संताप येतो, पण तिची गोष्ट तिच्या जिभेच्या दुरुस्तीची गोष्ट होत नाही. समोरचा माणूस थांबतो की नाही, एवढाच प्रश्न राहतो. जे थोडे लोक थांबतात ते लक्षात राहतात.

हे वाचताना मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली आणि पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले. बारावीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मी तिची परीक्षक होते. पहिल्याच शब्दावर ती अडली. बाहेर रांग होती, यादीत बरीच नावे उरली होती, आणि मी तिचे वाक्य तिच्याऐवजी पुरे केले. दुसऱ्यांदाही केले. मला वाटले होते की मी तिला मदत करते आहे. ती मान हलवत ‘‘हो मॅडम, तेच’’ एवढेच म्हणत राहिली, आणि तिला नेमके काय सांगायचे होते ते मला आजही ठाऊक नाही. गुण मी चांगले दिले होते. सेडीच्या प्रकरणांतून जाताना मला कळले की त्या दिवशी त्या खोलीत तिचा एकही शब्द मी ऐकला नव्हता. पुस्तकाच्या परीक्षणात हा प्रसंग सांगण्याचे कारण इतकेच, की छापील पानावर अडखळणे वाचताना वाचकाला घाई करता येत नाही; डोळा त्या तुटलेल्या अक्षरांवरून सावकाशच जातो, आणि मी परीक्षेत जे केले नाही ते हे पान माझ्याकडून करवून घेते.

श्राव्य आवृत्तीत हाच अनुभव निराळ्या मार्गाने येतो. सुमारे आठ तासांच्या या ध्वनिमुद्रणात ३० हून अधिक आवाज आहेत, आणि सेडीचा आवाज रिबेका सोलर या अभिनेत्रीने दिला आहे. मनातले निवेदन आणि उघड संवाद यांतला फरक ती इतक्या नेमकेपणाने पाळते की डोळे मिटून ऐकतानाही सेडी आता बोलते आहे की विचार करते आहे, याविषयी क्षणभरही शंका राहत नाही. पॉडकास्टचे भाग तर ऐकण्यासाठीच लिहिलेले आहेत. मे बेथचा थकलेला, मायाळू आणि स्वतःवरच रागावलेला स्वर छापील संहितेत मला निम्माच पोहोचला होता. कानावर पडल्यावर ती बाई माझ्या आळीतली झाली.

तरीही भाचीचा क्रमच बरोबर आहे असे मी म्हणते, त्याला कारण आहे. ऐकताना वेग अभिनेत्रीच्या हातात असतो. वाचताना सेडीच्या तुटलेल्या शब्दापाशी किती थांबायचे हे आपण ठरवतो, आणि त्या थांबण्यातूनच तिच्याशी आपले नाते जुळते. शिवाय सेडीने एका प्रकरणात पाहिलेली वस्तू चार प्रकरणांनंतर वेस्टच्या मुलाखतीत ओझरती येते, तेव्हा पाने मागे उलटून पाहण्याचे सुख छापील पुस्तकातच आहे. एक व्यावहारिक सूचनाही येथे करते : आगगाडीत ऐकणार असाल तर ध्वनिमुद्रण आधी उतरवून घ्यावे. कसारा घाटातल्या बोगद्यांत फोनचे जाळे जाते, आणि माझ्या बाबतीत ते नेमके अशा वाक्यावर गेले की इगतपुरीच्या अलीकडे मी अक्षरशः खिडकीला डोके टेकवून वाट पाहत बसले होते.

वेस्ट मॅक्रे या पत्रकाराबद्दल मात्र माझे मत इतके सरळ नाही. मे बेथचा फोन येतो तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया अशी आहे की मुली तर रोजच नाहीशा होतात, यात सांगण्यासारखी कथा ती काय. त्याचा वरिष्ठ त्याला आग्रहाने या कामावर धाडतो. पुढे तो हळूहळू गुंतत जातो, त्याला स्वतःचीही एक मुलगी आहे हे आपल्याला कळते, आणि सुरुवातीची अलिप्तता गळून पडते. हा बदल लेखिकेने प्रामाणिकपणे रंगवला आहे, तरी ‘मलाही मुलगी आहे म्हणून मला आता समजते’ या वळणावर मी अडखळले. मुलगी नसलेल्या पुरुषाला १३ वर्षांच्या मुलीचा खून कळू नये काय? मला वाटते लेखिकेलाही हा प्रश्न विचारायचा होता, कारण एका ठिकाणी वेस्टला त्याच्या या कारणाबद्दल अस्वस्थ होताना तिने दाखवले आहे; पण ती अस्वस्थता आणखी खोल जायला हवी होती.

पॉडकास्ट या माध्यमाबद्दलची लेखिकेची शंका मात्र खोल आहे आणि ती या कादंबरीला काळाशी जोडते. २०१४ साली अमेरिकेत ‘सिरियल’ नावाच्या पॉडकास्टने १९९९ मध्ये बाल्टिमोर येथे झालेल्या, शाळेत शिकणाऱ्या एका मुलीच्या खुनाचा मागोवा १२ भागांत घेतला आणि खऱ्या गुन्ह्यांवरच्या पॉडकास्टचे युग सुरू झाले. त्या धर्तीच्या कार्यक्रमांत निवेदक मोठा होत जातो, संशयित माणूस मोठा होत जातो, श्रोते घरबसल्या तपास करू लागतात, आणि जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले ती मेलेली मुलगी पहिल्या भागानंतर एक छायाचित्र होऊन उरते. समर्स यांनी हेच उलटे करून दाखवले आहे. त्यांनी पॉडकास्टला कादंबरीची अर्धी पाने दिली आणि उरलेली अर्धी त्या मुलीलाच दिली, जी कोणत्याही पॉडकास्टवर कधी बोलू शकणार नव्हती. वेस्ट जे काही शोधून काढतो त्यापेक्षा सेडीच्या एका परिच्छेदात अधिक सत्य आहे, आणि तो परिच्छेद वेस्टला कधीच मिळणार नाही. वाचकाला मिळालेले हे ज्ञान कोणालाही सांगता येत नाही, याची जी घुसमट होते ती मी दुसऱ्या कोणत्याही रहस्यकथेत अनुभवलेली नाही.

भाचीच्या मैत्रिणींनी हे पुस्तक वाचल्यावर आमच्या गच्चीवर एक संध्याकाळ त्यावर बोलण्यात गेली. त्यांतल्या एकीने विचारले की असे पॉडकास्ट आपण नाशिकमधल्या एखाद्या प्रकरणावर करावे का. त्यांचा उत्साह खरा होता, म्हणून मी त्यांना काही गोष्टी नीट सांगितल्या, आणि या पुस्तकाचा कोणताही तरुण वाचक त्या विचारू शकतो म्हणून येथेही लिहिते. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा किंवा परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही. विशेष न्यायालयाने बालकाच्या हितासाठी परवानगी दिली तरच त्याला अपवाद होतो. वेस्ट ज्या मोकळेपणाने मॅटीचे नाव आणि घर श्रोत्यांपुढे ठेवतो, तसे एखाद्या प्रकरणात येथे केले तर तो गुन्हा ठरू शकेल. दुसरी गोष्ट हरवलेल्यांच्या नोंदीची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार बेपत्ता झालेल्या प्रत्येक अल्पवयीन मुलाबाबत पोलिसांनी गुन्हा दाखल केलाच पाहिजे. १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती हरवली तर मात्र सहसा फक्त ‘मिसिंग’ची नोंद होते. म्हणजे मॅटीसाठी येथे लगेच गुन्हा दाखल झाला असता आणि सेडी बहुधा एका नोंदवहीतली ओळ झाली असती. ‘‘पण सेडी काय मोठी होती का गं?’’ असे त्यांतल्या सर्वांत शांत मुलीने विचारले. १९ वर्षांची, बापाचा पत्ता नसलेली, आई गेलेली, बहीण मारली गेलेली ती मुलगी कायद्याने सज्ञान होती, एवढेच उत्तर माझ्याकडे होते. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक त्यांच्यापैकी दोघींना माहीत नव्हता. तो त्यांनी त्याच वेळी फोनमध्ये जपून ठेवला.

आशयाबद्दल पालकांना आणि शिक्षकांना स्पष्ट सांगायला हवे. या कथेच्या केंद्रस्थानी लहान मुलींवरचे लैंगिक अत्याचार आहेत. लेखिकेने अत्याचाराचे प्रसंग पानावर उघडपणे रंगवलेले नाहीत. दार बंद होते, आणि पुढचे आपल्याला सेडीच्या शरीराच्या ताठरण्यातून, तिच्या झोपेतून, एखाद्या घराकडे पाहताना तिचे पाऊल थांबण्यातून कळते. हा संयम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा विषयावरच्या अनेक कथा दुःखाचेच प्रदर्शन मांडतात. तरीही पुस्तक जड आहे. माझ्या मते पंधरा-सोळा वर्षांच्या खालच्या मुलांच्या हाती ते देऊ नये, आणि त्या वयाच्या मुलांनाही देताना घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने ते आधी वाचलेले असावे, म्हणजे मध्यरात्री बोलावेसे वाटले तर बोलायला कोणीतरी असेल.

उणिवा आहेत. सेडीचा प्रवास एका माहीतगाराकडून दुसऱ्याकडे असा सरकतो, आणि मध्यावर या साखळीची लय एकसुरी होते : ती पोहोचते, खोटे नाव सांगते, कोणीतरी तिला टाळते, कोणीतरी पुढच्या गावाचे नाव देते. त्यातच पॉडकास्टचे काही भाग आपण आधीच पाहिलेली हकिकत पुन्हा सांगतात. जेथे दुसऱ्यांदा सांगण्यातून सांगणाऱ्याचे खोटेपण उघडे पडते तेथे ही पुनरावृत्ती अर्थपूर्ण आहे. जेथे तसे होत नाही तेथे वेस्ट कधी पुढे जातो याची वाचक वाट पाहत राहतो. एक-दोन ठिकाणी योगायोगही जरा हाताशीच ठेवलेला वाटतो. काही पुरुष पात्रे त्यांच्या दुष्टपणापलीकडे उभी राहत नाहीत, जरी सेडीच्या नजरेतून पाहता त्यांच्याकडे याहून अधिक बारकाईने पाहण्याची तिला गरजच नाही, हे मी मान्य करते.

भाषेच्या दृष्टीने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी या इंग्रजी पुस्तकाला घाबरण्याचे कारण नाही. ३०० च्या आसपास पाने आहेत आणि त्यांतली निम्मी संवादांची आहेत. पॉडकास्टचे भाग नाटकाच्या संहितेसारखे वाचता येतात. बोलीभाषेतले सोपे वाक्य, एका वेळी एक माणूस. सेडीची प्रकरणे थोडी अवघड आहेत, कारण ती तुटक वाक्यांत विचार करते आणि भूतकाळातली गोष्ट न सांगताच मध्ये आणते. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना सलग कादंबरी वाचण्याचा सराव नाही त्यांना मी असे सुचवले, की पॉडकास्टचा भाग मोठ्याने वाचावा, दोघा-तिघांनी पात्रे वाटून घ्यावीत, आणि सेडीचे प्रकरण ज्याने त्याने एकट्याने, मनात वाचावे. या पद्धतीने वाचलेल्या गटाला कादंबरीची रचना कोणी समजावून सांगावी लागली नाही.

अशा पुस्तकाची आपल्याकडे असलेली उणीव मला या निमित्ताने फार जाणवली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. वाचनाची परंपरा या गावाला नवी नाही. मुलांसाठी १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आमच्या घरी दोन पिढ्यांनी वाचले. पण त्यानंतरच्या वयाचे काय? बालविभागातून बाहेर पडलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी मराठीत वाचायला काही शोधते तेव्हा ती थेट मोठ्यांच्या कपाटापाशी पोहोचते, किंवा इंग्रजीकडे वळते, किंवा वाचणेच सोडते. रहस्यकथेची मराठीतली परंपरा दणकट आहे, नभोनाट्याची आहे, आणि मराठीतून पॉडकास्ट करणारी तरुण मुलेही आता बरीच आहेत. या तिन्ही गोष्टी एकत्र आणून, नाशिक-दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षबागांत किंवा मनमाडच्या फलाटावर घडणारी, अशाच दोन आवाजांची कादंबरी कोणीतरी लिहावी असे मला मनापासून वाटते. त्या लेखकाला ‘सेडी’ची नक्कल करावी लागणार नाही, कोणाला बोलायला द्यायचे आणि कोणाला उशिरा पोहोचवायचे, एवढा एक निर्णय तेवढ्याच धैर्याने घ्यावा लागेल.

शेवटाबद्दल फार लिहिणे योग्य होणार नाही. तो मोकळा सोडलेला आहे, एवढे सांगते. भाचीला तो मुळीच आवडला नाही. ‘‘इतकं सगळं वाचून घेतलं आणि मग असं सोडून दिलं,’’ असे ती दोन दिवस म्हणत होती आणि तिचा राग मला कळत होता, कारण तो सेडीवरच्या मायेतून आलेला होता. मी तिच्याशी सहमत नाही. ज्या कथेत पत्रकार प्रत्येक ठिकाणी उशिरा पोहोचतो, त्या कथेच्या शेवटच्या पानावर तो अचानक वेळेवर पोहोचला असता तर आधीची सगळी पाने खोटी पडली असती. आमचा वाद मिटलेला नाही. पुस्तक सध्या तिच्या त्या शांत मैत्रिणीकडे आहे, आणि ते परत आले की भाची फक्त सेडीचीच प्रकरणे, पॉडकास्टचे सगळे भाग वगळून, सलग वाचणार आहे.